फॉर्म भरायच्या आधी आम्हाला कामं दाखवा: कोकणातल्या सायन्स कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि बायोलॉजीच्या सर-मॅडमना खुलं पत्र

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सायन्स कॉलेजांचे सगळे प्राचार्य, आणि खास करून अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवणारे सर आणि मॅडम,

नमस्कार.

मी टीवाय बीएस्सीला आहे, विषय झूलॉजी. गाव देवगड तालुक्यात, शिकायला रत्नागिरीत हॉस्टेलला राहते. पुढे नक्की काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. एमएस्सी करायची तर कशात, बीएड करून शिक्षिका व्हायचं का, एमपीएससीची वनसेवा द्यायची का, की समुद्रातलं काहीतरी, चारही गोष्टी डोक्यात आहेत आणि चारही मनापासून आहेत. घरी गेले की आजी विचारते, "आता फुडे काय करतलंस गो?" आणि मी म्हणते बघूया. माझ्या वर्गात असं बघूया म्हणणारे खूप आहेत, हुशार आहेत, डिसेक्शनला हात चांगला आहे, मार्क चांगले आहेत, आणि तरी तिसऱ्या वर्षाला येऊन सुद्धा कुठे जायचं ते कळत नाही. त्या सगळ्यांच्या वतीने लिहितेय.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. अकरावीत बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येक मुलाला, बारावीनंतरचे फॉर्म भरायची वेळ यायच्या आधी, आपल्याच जिल्ह्यात बायोलॉजी शिकलेली माणसं जिथे काम करतात अशा तीन-चार जागा प्रत्यक्ष दाखवा आणि तिथे काम करणाऱ्या माणसाशी नीट बोलू द्या. पोस्टर नको, पीपीटी नको, यूट्यूबची लिंक पण नको. काम चालू असताना दाखवा.

आत्ता करिअर गायडन्स म्हणून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हॉलमध्ये सगळ्या सायन्सच्या मुलांना बसवतात, बाहेरून कुठलेतरी क्लासवाले येतात, प्रोजेक्टरवर मागच्या वर्षीच्या टॉपर्सचे फोटो, मग नीटचा स्कोअर, कटऑफ, टेस्ट सिरीजची फी, रिपीटर बॅचची फी, आणि शेवटी नाव-नंबर भरायला एक कागद. बायोलॉजी म्हणजे नीट आणि नीट म्हणजे डॉक्टर, एवढंच ऐकून मुलं बाहेर पडतात. मला डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांबद्दल काहीच वाईट बोलायचं नाहीये, आपल्याकडे गावात पीएचसीला डॉक्टर टिकत नाहीत म्हणून काय हाल होतात ते मी बघितलंय, जे जातायत त्यांनी जावंच. पण २०२५ ला नीटला देशभरातून २२ लाखांच्या वर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या सीट्स सरकारी-खाजगी सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. त्यात बीएएमएस, बीएचएमएस, डेंटल, व्हेटर्नरी, सगळं मिळवा, तरी उरलेल्यांचा आकडा लाखांतच राहतो. या उरलेल्या मुलांशी त्या हॉलमध्ये कोणीच बोलत नाही. आणि ज्यांना मुळात डॉक्टर व्हायचंच नव्हतं, फक्त बायोलॉजी आवडत होतं म्हणून पीसीबी घेतलं, त्यांच्याशी तर नाहीच नाही.

मग मे महिन्यात निकाल लागतो. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, २०२५ ला ९६.७४ टक्के लागला, पेपरात बातमी येते, पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हीच मुलं बाजारपेठेतल्या सायबरमध्ये रांगेत उभी असतात. तिथला दादा स्क्रीनकडे बघत विचारतो, "काय टाकू, झूलॉजी, बॉटनी की केमिस्ट्री?" आणि मागे आठ-दहा जण उभे, लाईट जायची भीती, साईट हँग होतेय, सोबत आलेल्या बाबांना यातलं काही माहीत नाही, मैत्रिणीने झूलॉजी टाकलं म्हणून आपण पण झूलॉजी. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचा विषय असाच ठरला. एवढा मोठा निर्णय आणि तो सायबरवाल्या दादाने घाई केली म्हणून होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि त्यात त्या दादाची काहीही चूक नाही, त्याच्या आधी दोन वर्षं ती मुलं तुमच्यासमोर बसलेली होती.

हे रागाने लिहीत नाहीये. माझ्या बारावीच्या मॅडममुळेच मला हा विषय आवडायला लागला, त्यांनी झुरळाचे माऊथपार्ट्स एकेक वेगळे करून स्लाईडवर मांडून दाखवले होते तेव्हा अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता. विषय आवडायला लावायचं काम तुम्ही करताच. त्याच्या पुढचं एक पाऊल राहतंय, की हा विषय आवडणारा माणूस दिवसभर काय काम करतो आणि त्याचं घर कशावर चालतं.

मला ते पहिल्यांदा दिसलं ते मिरकरवाडा बंदरावर, आणि ते पण कॉलेजमुळे नाही, फील्ड प्रोजेक्टसाठी मासळीचे फोटो काढायला मैत्रिणीबरोबर सकाळी गेले होते म्हणून. बोटी लागलेल्या, लिलाव चालू, बर्फाच्या गाड्या, आणि त्या सगळ्या गडबडीत एक ताई एका बाजूला उकिडवी बसून बांगडे मोजत होती. मला आधी वाटलं विकत घेतेय. तिच्यापुढे एक पांढरी पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, बांगडा आडवा ठेवायचा, तोंड एका टोकाला टेकवायचं, शेपटीपर्यंतचा आकडा बोलायचा, सोबतचा मुलगा वहीत लिहितो, मग वजनकाट्यावर, मग पुढचा. काही बांगडे तिने पोटात चिरले. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, कितपत भरलीय ते बघून एक, दोन, तीन, चार अशी स्टेज लिहिली. आमच्या घरी आई गाबोळी निघाली की तळून मला देते, तीच गाबोळी इथे डेटा होती. मग एका बांगड्याच्या डोक्यातून तिने चिमट्याने एक अगदी बारीक पांढरा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, हा ओटोलिथ, याला घासून मायक्रोस्कोपखाली बघितलं की आत वलयं दिसतात, त्यावरून माशाचं वय काढतात. आम्हाला थिअरीत हे एका ओळीत होतं. हातावर घेतल्यावर मला दुसरं काही सुचेना, किती वेळ बघत बसले.

मी तिला विचारलं हे कशाला. तिने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. मासा किती मोठा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो हे कळलं तरच त्याच्यापेक्षा छोटा मासा पकडू नका म्हणता येतं. २०२३ ला आपल्या सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडायची कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटला १३५ मिलिमीटर, तो आकडा मंत्रालयात बसून कोणाला सुचलेला नाही, असं कोणीतरी बंदराबंदरावर बसून वर्षानुवर्षं मासे मोजले म्हणून आला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा पण झाला. मी खाडीकाठची मुलगी, घरात रोज मासळी, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांच्या भांडणाच्या बातम्या लहानपणापासून ऐकतेय, आणि या भांडणाच्या मधोमध बायोलॉजी शिकलेला माणूस बसलेला असतो हे मला कॉलेजात जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

तिला मी पगार पण विचारला. थोडं लाजत विचारलं पण तिने अगदी सरळ सांगितलं, प्रोजेक्टवर आहे, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधावा लागतो, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद तेव्हा लॅबमध्ये बसून डेटा भरायचा, उन्हात बसून पाठ दुखते, घरचे अजून विचारतात पर्मनंट कधी होणार. हे ऐकून मला ते काम कमी आवडलं असं झालं नाही. उलट खरं काय ते कळलं म्हणून मला त्याचा विचार करता आला. पीपीटीमध्ये कोणी असं सांगत नाही, तिथे सगळं ब्राइट फ्युचर असतं.

आता रत्नागिरीचंच बघा. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, ॲडमिशन सीईटीवर, आणि पुढे एमएफएससीला बहुतेक विषयांना बीएफएससीच लागते. म्हणजे ज्या मुलाला मासळीतच काम करायचंय त्याने बारावीनंतर तिकडे जायला हवं, बीएस्सी झूलॉजी करून मग वळतो म्हटलं तर तो रस्ता सहज मिळत नाही. ही एवढी साधी गोष्ट. माझ्या वर्गात शहरातच राहणारी मुलं आहेत ज्यांना हे सेकंड इयरला कळलं. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला शाळेची सहल सगळ्यांची गेलेली असते, देवमाशाचा सांगाडा बघून सगळे तोंडात बोटं घालतात, शंख-शिंपल्यांचे फोटो काढतात आणि गाडीत बसतात. त्याच इमारतीत माणसं नोकरीला आहेत आणि ती आपल्यासारखीच कोणीतरी पीसीबी घेतलेली होती हे त्या वयात सांगायला हवं ना.

आणि हे फक्त माशांचं नाही. आमच्या देवगडात प्रत्येक घराला हापूसची चार कलमं तरी आहेत. मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडे, फवारणीवर फवारणी, आणि फळ कापल्यावर आत साका, म्हणजे गर खराब होऊन झालेला स्पंजासारखा भाग, निघाला की वर्षाची मेहनत पाण्यात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ ला रत्ना जात काढली, तिच्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसचा परत संकर करून सिंधू, तिची बाठ एकदम पातळ. आंब्याच्या मोहोरात बरीचशी फुलं नुसती नर असतात, नर-मादी दोन्ही भाग असलेली फुलं थोडी, ती शोधून त्यांचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावायचा, पिशवी बांधायची, आणि इतकं करून हाताशी लागतात मोजकी फळं. मग त्यांची बाठ लावून झाड मोठं होऊन फळ यायची वाट बघत वर्षं काढायची. मेंडेलचा चाप्टर आम्ही वाटाण्यावर पाठ करतो आणि परीक्षेला लिहितो, आणि तोच मेंडेल आमच्या परसात आंबा होऊन उभा आहे. फळमाशीमुळे २०१४ ला युरोपने आपला आंबा बंद केला होता आणि पुढच्या वर्षी परत सुरू केला, तेव्हा सगळे बागायतदार हवालदिल होते. फळमाशीसाठीचा रक्षक सापळा दापोलीच्या विद्यापीठाचा, त्यात मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माशा खेचल्या जातात, आमच्या बागेत पण टांगलेला आहे. एन्टोमॉलॉजी, म्हणजे कीटकशास्त्र, या विषयाला कोकणात काम नाही असं कोणी म्हणू शकेल का? पण बारावीच्या मुलाला तुम्ही विचारून बघा, एन्टोमॉलॉजिस्ट कोण असतो, कुठे बसतो.

माकडतापाबद्दल तर मला वेगळं लिहावंसं वाटतं कारण त्यात बायोलॉजीचे किती रस्ते एकत्र येतात ते दिसतं. २०१६ ला दोडामार्ग तालुक्यात तो आला, मग बांद्याकडे. जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम, लोक बी गोळा करायला जंगलात जाणारच, पोटाचा प्रश्न आहे. गोचीड चावते आणि ताप येतो, माकडं मरून पडतात. आता हे आटोक्यात आणायला कोण कोण लागतं बघा. मेलेल्या माकडाचं पोस्टमॉर्टेम करणारा पशुवैद्यक. पांढरं फडकं झाडोऱ्यावरून ओढत नेऊन त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचणारे आणि त्या कुठल्या जातीच्या ते ओळखणारे कीटकतज्ज्ञ. रक्ताचा नमुना घेणारा, तपासणारा लॅब टेक्निशियन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले लोक, हा विषाणू कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ ला पहिल्यांदा ओळखला गेला तो याच संस्थेने. कुठल्या वाडीत किती रुग्ण, कधी वाढले, त्याचा हिशोब ठेवणारा साथरोगतज्ज्ञ. वनरक्षक. आणि वाडीवाडीत फिरणारी आशाताई. यातल्या किती जणांना नीट द्यावी लागली? पशुवैद्यक सोडला तर बाकीचे कितीतरी रस्ते बीएस्सीवरून, डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमावरून, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीवरून, वेगवेगळ्या पदव्यांवरून जातात. एका तापाभोवती एवढी माणसं, आणि तो ताप आपल्याच जिल्ह्यात आहे. लेप्टोच्या तापाचं पण तेच. एक तास जरी या एका उदाहरणावर बोललात ना सर, तरी अर्ध्या वर्गाला आपल्याला काय आवडेल याचा अंदाज येईल, कोणाला जंगल आवडेल, कोणाला लॅब, कोणाला आकडे, कोणाला माणसांशी बोलणं.

आकड्यांवरून आठवलं, गणित. अकरावीला पीसीबी घेताना गणित सोडलं की सुटलो असं सगळ्यांना वाटतं, आणि कोणी अडवत पण नाही. पण आयआयएसईआर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्नांमध्ये १५ गणिताचे असतात, बंदरावरची ती ताई पण संध्याकाळी ग्राफ आणि फॉर्म्युल्यांतच बसते, बायोइन्फॉर्मेटिक्सला तर विचारूच नका. गणित सोडायचं तर सोडू दे मुलांना, पण सोडल्यावर काय बंद होतं ते सही करायच्या आधी त्यांना सांगा. एवढंच.

पैशाचं पण उघड बोला अशी विनंती आहे. आपल्याकडे कोणी बोलत नाही, आणि आई-बाबांना हाच प्रश्न सगळ्यात आधी असतो आणि तो बरोबर आहे. माझे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर जातात, माझ्या पाठी भाऊ आहे, मला पहिला पगार कितव्या वर्षी मिळेल हे त्यांना कळायला नको? डीएमएलटी केली तर बारावीनंतर दोन-तीन वर्षांत लॅबमध्ये उभं राहता येतं. बीएस्सी, एमएस्सी, बीएड म्हणजे बारावीनंतर सात वर्षं. रिसर्चला जायचं तर एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट ही परीक्षा, तिच्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, निघाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, म्हणजे पीएचडी हे फुकट शिकणं नाही, त्यात घर चालू शकतं, हे जेव्हा मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा बदलला. त्यांना वाटत होतं पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षं आपणच पैसे भरायचे. किती घरांत मुलींचं शिक्षण या एका गैरसमजामुळे थांबत असेल. अर्थात जेआरएफ सगळ्यांची निघत नाही, खूप अवघड आहे, ते पण सांगायचं. गेट या परीक्षेत लाईफ सायन्सेसचा पेपर असतो आणि इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा वेगळा असतो, हे मला इंजिनियरिंगच्या एका मुलाकडून कळलं.

आणि लांबचं लांब वाटतं तेवढं लांब नसतं हे पण. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासून, देवगडहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आपले लोक पिढ्यानपिढ्या मुंबईला चाकरीला गेले, गिरणीत गेले, हॉटेलात गेले, वर्सोव्याला आपल्या समुद्राचा अभ्यास करायला पण जाता येतं हे मात्र कोणाच्या घरात बोललं जात नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहिते, कारण नुसती तक्रार करून पत्र संपवायचं नाहीये. अकरावीच्या दिवाळीनंतरचा काळ त्यातल्या त्यात मोकळा असतो. तेव्हा एक दिवस. रत्नागिरीकडच्या कॉलेजांना तर फारसं लांब जावं लागणारच नाही, पहाटे मिरकरवाडा, मग शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दुपारी भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, वाटेत एखादी मासळी प्रोसेसिंगची फॅक्टरी परवानगी देत असेल तर तिथली मायक्रोबायोलॉजीची लॅब. बांगड्याला वेळेत बर्फ नाही लागला तर त्यात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून पण जात नाही, म्हणून माल पाठवायच्या आधी तपासावा लागतो, हे काम करणारी मुलगी बीएस्सी-एमएस्सी मायक्रोचीच असते. सिंधुदुर्गवाल्यांना वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजची लॅब, आणि वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत कांदळवनाची सफर चालवणाऱ्या बायका, त्यांना तिवराच्या जातींची नावं आमच्यापेक्षा जास्त येतात. दापोली-मंडणगडकडे तर विद्यापीठच आहे, त्यात वनशास्त्र महाविद्यालय आहे, आणि वेळास.

वेळासबद्दल एक सांगते. तिथे लोक कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, टोपली उचलली की मोबाईल वर. मी गेले तेव्हा पिल्लं गेल्यावर गर्दी पण गेली, आणि मी तिथल्या कासवमित्र दादांशी बोलत बसले. रात्री गस्त घालायची, मादीच्या पावलांचे माग वाळूत शोधायचे, घरटं कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी गाठायचं, अंडी जशीच्या तशी उचलून हॅचरीत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची, तारीख लिहायची. वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त निघतात म्हणून तापमानाकडे लक्ष. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावाला बरोबर घेऊन हे उभं केलं. मग २०२२ ला याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाईट ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव प्रथमा ठेवलं, त्यामागे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि आपलं मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन होतं. दादा बारावी पण नाहीत, शास्त्रज्ञ पीएचडी, आणि एकाच वाळूत दोघं शेजारी बसून काम करतायत. अशा ठिकाणी मुलांना न्या, पण पिल्लांसाठी नको, रात्रीच्या गस्तीची वही बघायला न्या.

खर्चाचं म्हणाल तर एसटीची गाडी ठरवून मुलांमध्ये वाटली तर वार्षिक सहलीच्या निम्म्यात होईल, आणि ज्यांना तेवढं पण जमत नाही त्यांचं माजी विद्यार्थी संघाने बघावं. परवानगीचं पत्र तुमच्या लेटरहेडवर गेलं तर बहुतेक सरकारी केंद्रं नाही म्हणत नाहीत, आम्ही मुलींनी साध्या कागदावर अर्ज देऊन एका ठिकाणी आत जाऊन आलोय. जिथे नेताच येणार नाही तिथल्या माणसाला बोलवा, पण प्रमुख पाहुणा म्हणून नको, शाल-श्रीफळ-भाषण नको. त्यांना वर्गात बाकावर बसवा, सोबत त्यांची अवजारं आणायला सांगा, मोजपट्टी, सापळा, वही, आणि मुलांना विचारू द्या. काल दिवसभर काय केलं? कंटाळा कशाचा येतो? पहिला पगार कधी मिळाला आणि किती? गणित किती लागतं? इंग्लिश कच्चं असेल तर चालतं का? मुलगी म्हणून अडचण आली का? हे सहा प्रश्न जरी विचारले गेले तरी सायबरमध्ये रांगेत उभं राहिल्यावर सांगायला काहीतरी असेल.

सीनियर कॉलेजच्या प्राचार्यांना पण दोन शब्द. एनईपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात, आता ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आलेत, ही एवढी चांगली संधी, आणि बऱ्याच ठिकाणी मुलं कुठून तरी सर्टिफिकेट आणून फाईल लावतात कारण कॉलेजचा कोणाशी करारच नाही. वर्षाला दोन-तीन केंद्रांशी पक्कं बोलणं करून ठेवा, आठ मुलं इथे, दहा तिथे, आणि त्यांच्याकडून खरं काम करून घ्या असं सांगा, झेरॉक्स काढायला लावू नका म्हणावं. मला बंदरावर जे मिळालं ते क्रेडिटच्या बाहेर मिळालं, ते क्रेडिटच्या आत मिळायला काय हरकत आहे.

काही पालक म्हणतील आधी पोर्शन पूर्ण करा, नीटचा अभ्यास बुडतो. त्यांना सांगा की एक दिवस आहे. काही सर म्हणतील मुलांना इंटरेस्टच नसतो, मोबाईलमध्ये असतात. त्या सरांना माझं एवढंच सांगणं आहे की ओटोलिथ एकदा मुलाच्या हातावर ठेवून बघा.

माझं स्वतःचं अजून ठरलेलं नाही हे सुरुवातीलाच लिहिलं. या सुट्टीत मी बंदरावरच्या त्या ताईबरोबर मासे मोजायला जाणार आहे, तिने हो म्हटलंय, आणि वनसेवेच्या परीक्षेचा सिलॅबस पण मागवलाय. दोन्ही करून बघते, मग ठरवते. घाई करायची नाही असं आता घरी पण पटलंय.

आमच्या वर्गातल्या काही मुली आणि दोन मुलगे यात मदत करायला तयार आहेत. तुम्ही तारीख ठरवली तर आम्ही आदल्या दिवशी जाऊन परवानगीचं बघू, पहाटे बंदरावर मुलांचे गट सांभाळू, आणि कुठल्या केंद्रात कोणाला भेटायचं त्याची यादी आम्ही करायला घेतलीच आहे. प्रथम सत्राच्या परीक्षा संपल्या की लगेच करता आलं तर बरं, कारण जानेवारीपासून प्रॅक्टिकल आणि प्रीलिम सुरू होतात आणि मग कोणालाच वेळ नसतो. या वर्षी निदान एका कॉलेजने तरी सुरुवात करावी.

आपली,
तृतीय वर्ष बीएस्सी, झूलॉजीची एक विद्यार्थिनी
तालुका देवगड, सध्या रत्नागिरी